मे महिन्यात उघडं पडणारं घर

आधीच सांगून टाकते, आम्ही निघालो होतो समुद्राला. वसमतच्या माणसाला समुद्र म्हणजे कॅलेंडरवरचा. म्हणून मी हट्टानं कोकणातल्या एका घरगुती लॉजवर खोली सांगून ठेवली होती आणि नांदेडहून ओवीसाठी लाल बादली, फावडं, फुलाफुलांची टोपी अशी साग्रसंगीत खरेदीही केली होती. आणि ऐन निघायच्या आठवड्यात सुधीररावांच्या, म्हणजे ओवीच्या बाबांच्या, बँकेत ऑडिट निघालं. रजा रद्द. मी दोन दिवस घरात भांडी जरा जास्तच आवाज करून घासली.

चिडण्याचं कारण नुसता समुद्र नव्हता. ओवी अडीच वर्षांची झाली होती आणि बोलत नव्हती. नाव ओवी, आणि तोंडातून चकार शब्द नाही. ऐकू सगळं येत होतं, सांगितलेलं कळत होतं, फक्त बोलणं नाही. हवं ते बोटानं दाखवायची, नको असेल तर तोंड फिरवायची. डॉक्टरांनी तपासलं आणि 'वाट बघा' म्हणाले. शेजारच्या काकूंनी राघूनं उष्टावलेला पेरू आणून दिला, तोही तिनं मुकाट्यानं खाल्ला. शेवटी कुणीतरी म्हणालं, हवापालट करा, लेकरू मोकळं होईल. बुडत्याला काडीचा आधार. मला तिच्या तोंडून 'आई' ऐकायचं होतं, बस.

सुधीररावांनी तोडगा काढला. "पाणीच बघायचंय ना? सिद्धेश्वरच्या धरणावर जाऊ. मेमध्ये पाणी उतरलं की मोठा काठ उघडा पडतो. वाळू आहे, शिंपले आहेत. मीठ तेवढं तू घरून घे." असल्या विनोदांवर मी हसत नाही. पण रविवारी पहाटे मीच डबा भरला.

मित्राची जुनी मारुती मिळाली होती, पेट्रोल आपलं. तुम्ही एसटीनं जाणार असाल तर वसमतहून औंढ्यापर्यंत गाड्या भरपूर, पुढे काळी-पिवळी जीप, आणि जीप भरेपर्यंत बसून राहायची तयारी ठेवा. उन्हाच्या आत निघालेलं बरं. गावाबाहेर पडेपर्यंत हळदीचा वास सोबतीला असतो, मग दोन्ही बाजूंना नांगरून तापत पडलेली काळी रानं. शिरड शहापूरला थांबून सुशीला खाल्ला. मुरमुरे, दाणे, वर लिंबू. पोटभर आणि स्वस्त. औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेतलं. गाभारा जमिनीखाली आहे, वाकून उतरावं लागतं. लहान मुलं तिथल्या अंधाराला घाबरतात. ओवी घाबरली नाही. ती अंधारात एका कोपऱ्याकडे बघत राहिली, एवढंच.

धरणाच्या फाट्यावर एक चहाची टपरी आहे. पाण्याच्या बाटल्या तिथेच भरून घ्या, पुढे काही मिळत नाही. टपरीवाल्यानं मागच्या सीटवरची लाल बादली बघितली.

"पोरगं घेऊन पाण्यावर चालले व्हय? उजव्या अंगानं जावा. डाव्या अंगाला गाळ हाय. वरून सुकलेला दिसतोय, पाय ठेवला की म्हैस सुदिक गायब."

"आणि उजवीकडे?" मी विचारलं.

"तिकडं जुनं गाव हाय," तो म्हणाला आणि गाळणी आपटायला लागला.

आम्ही उजवीकडे गेलो. गाडी बांधावर लावून खाली उतरलो आणि खरं सांगते, माझा राग पळाला. समोर लांबच लांब करडा काठ, त्यापलीकडे पाणी, पैलतीर उन्हाच्या वाफेत हरवलेला. पाण्याच्या कडेला बारीक लाटा येत होत्या. ओवीच्या डोक्यावर टोपी, हातात बादली. फोटो काढून कुणाला दाखवला असता तर कोकणच वाटलं असतं.

फक्त आवाज नव्हता. पाण्याच्या काठी पक्षी असतात. इथेही होते, बगळे, रांगेनं उभे. एकही हलत नव्हता. सगळ्यांची तोंडं आमच्याकडे होती.

काठावर मधेच एका कडुलिंबाचं वाळकं खोड उभं होतं, साल गेलेलं, पांढरं. त्याच्या जवळ जमीन छान सपाट लागली. एक फुटकं जातं अर्धं गाळात रुतलेलं होतं. चुलीसारखे मांडलेले तीन दगडही होते, काळपट पडलेले. "बघ, आपल्याआधी कुणीतरी सहलीला आलं होतं," सुधीरराव म्हणाले. आम्ही सतरंजी अंथरली. मी काटक्या गोळा करून त्या दगडांत जाळ केला आणि खिचडी टाकली. उघड्यावरची चूल मला पटकन जमत नाही, पण ही एका काडीत पेटली. धूर सरळ वर गेला, वारा असूनही.

ओवी पाण्याकडे धावायची, सुधीरराव तिच्या मागे. बादली भरायची, दोन्ही हातांनी धरून परत यायची. यायची ती सरळ नाही. लिंबाच्या खोडाला वळसा घालून, एका ठरावीक जागी थांबून, पाय गुडघ्यापर्यंत उचलून, मग आत. आत म्हणजे काय, सगळीकडे सारखाच सपाट गाळ. पुन्हा पाणी आणलं, पुन्हा वळसा, पुन्हा तिथेच पाय उचलला. आधी आम्हाला हसू आलं. सुधीररावांनी गंमत म्हणून तिला मधेच उचलून दुसऱ्या बाजूनं सतरंजीवर आणून ठेवलं. तिनं असा आकांत केला की बगळेही उडाले. खाली सोडल्यावर ती उलटी चालत बाहेर गेली, वळसा घातला, पाय उचलला, आत आली आणि गप्प झाली.

पाणी ती दर वेळी एकाच कोपऱ्यात ओतत होती. नंतर तिथेच उभी राहिली, हात मागे बांधून, मान वर करून. मोठ्या माणसाचं बोलणं ऐकताना मुलं उभी राहतात तशी. आणि मग तिनं होकारार्थी मान हलवली.

"अहो," मी म्हणाले, "आपण निघू या का?"

"खिचडी तरी होऊ दे," ते म्हणाले, पण उठून तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. त्यांनाही काहीतरी जाणवलं होतं.

बांधाकडून कुणीतरी येताना दिसलं ते तेव्हाच. साठीच्या पुढची बाई, हिरवं लुगडं, एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात फडक्यानं तोंड बांधलेली कासंडी. ती चालत नव्हती, जवळजवळ पळत होती. आमच्यापासून थोडी लांब, नेमकी ओवी पाय उचलायची त्या जागी येऊन ती थांबली. पुढे आली नाही. तिला धाप लागली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कुणी पेटवली चूल?"

मी घाबरून उठले. "आम्ही. का हो, काही चुकलं का?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं, ओवीकडे बघितलं आणि मटकन खाली बसली. "बांधावरून धूर दिसला माय. माझ्या घरातून धूर निघून राहिला. मला वाटलं, सासूबाईच उठल्या."

आम्ही तिला पाणी दिलं. हळूहळू कळलं ते असं. आम्ही बसलो होतो ते तिचं घर. लग्न होऊन ती इथे आली आणि थोड्याच वर्षांत धरण झालं. गाव उठलं, नव्या जागी गेलं, आता तिथेच असतात सगळे. दर वर्षी पाणी उतरलं की ती एकटी येते. उंबरठा झाडते, हळदकुंकू लावते, चुलीवर दूध उतू घालते आणि परत जाते.

"काहून म्हणशील, तर माझ्या तोंडून चुकलं. पाणी गल्लीत आलं होतं. बैलगाडी भरलेली. सासूबाई चुलीपाशी बसल्या, उठंना. उचलून न्यावं लागलं. मला आला राग, दाराशी वळले आन् म्हणाले, 'जाते बाई एकदाची.' जाते म्हणाले! सासूबाई म्हणल्या, 'घराला असं सांगतेत व्हय गं? ते ऐकून राहिलंय.' पुन्हा बोलल्या न्हाईत. नव्या घरात पुढचा पाऊस पडायच्या आत गेल्या. तवापासून मी येते, येते म्हणून सांगते. घराला पटलंय का न्हाई, देवाला ठावं."

आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. मी रोज म्हणते, सवयीनं, कुलूप शोधता शोधता. त्याचा असा विचार मी कधी केला नव्हता.

मग ती उठली आणि केरसुणीनं समोरचा गाळ झाडायला लागली. वीतभर थर निघाला आणि खालून दगडी उंबरठा वर आला, मधोमध झिजलेला. ओवी सकाळपासून पाय उचलत होती, बरोबर तिथेच. गाळावर त्याची काही खूण नव्हती, हे मी शपथेवर सांगते. मी त्या बाईला पाणी ओतायच्या कोपऱ्याबद्दल विचारलं.

"तिथं रांजण व्हता," ती म्हणाली. "सासूबाई समद्यांना पाणी भरायला लावायच्या, लेकरांना सुदिक." आणि तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

माझी खिचडी उतरवून तिनं कासंडीतलं दूध ठेवलं. उतू गेलं. एक घोट ओवीला दिला. हळदकुंकू झालं, सावल्या लांबल्या. निघताना ती उंबरठ्याबाहेर उभी राहून वळली आणि म्हणाली, "येते." आम्हालाही म्हणायला लावलं. सुधीरराव थोडे ओशाळून "येतो" म्हणाले. मी म्हणाले. ओवी माझं बोट सोडून मागे राहिली होती, आतच, रांजणाच्या कोपऱ्याकडे तोंड करून. मग आली, पाय उचलला, उंबरठा ओलांडला आणि वळली.

"येते."

स्वच्छ. एकाही अक्षराला न अडखळता.

मी खाली बसून तिला छातीशी घट्ट धरलं आणि ढसाढसा रडले. सुधीरराव नुसते "बोलली, बोलली" करत राहिले. पण माझ्या मिठीत तिची मान मागेच वळलेली होती. ती काहीतरी ऐकत होती. मग आतल्या माणसाला नीट ऐकू गेलं नसेल तर आपण सांगतो तसं, जरा मोठ्यानं, तिनं पुन्हा सांगितलं.

"येते!"

बाईनं दोन्ही हात जोडले. "पटलं बघा घराला," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. माझा नसावा.

परतताना टपरीवर चहा घेतला तेव्हा टपरीवाल्यानं ओवीच्या कपाळावरचं कुंकू बघितलं आणि पैसे घेतले नाहीत.

वर्ष होत आलं. ओवी आता इतकी बोलते की दुपारी कानात बोळे घालायचेच काय ते बाकी आहेत. 'आई' आठ-दहा दिवसांनी आलं, साखर वाटली. कुणी विचारलं की मी सांगते, हवापालटानं बोलली. पण मनाला एक बोचतं, ते इथेच लिहिते. ज्या पहिल्या शब्दासाठी मी देव पाण्यात ठेवले, तो मला मिळाला नाही. तो तिनं दुसऱ्याच कुणाला तरी दिला, आणि तो शब्द होता परत येण्याचा. पावसाळ्यात धरण भरल्याची बातमी वाचली तेव्हा मला पाण्याखालचा तो झिजलेला दगड दिसला. आमच्या भाड्याच्या घराला उंबरठा नाही, सपाट फरशी आहे. ओवी अजूनही दारात पाय उचलते.

गेल्या आठवड्यात सुधीररावांची रजा मंजूर झाली. या वेळी नक्की, लेखी. कोकणातल्या लॉजवर मी फोनही केला. रात्री जेवताना ओवीला मांडीवर घेऊन विचारलं, "आपण समुद्र बघायला जायचं?"

तिनं घास संपवला. "आधी घरी."

"अगं, घरीच तर आहोत आपण."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच लहान. "हे नाही. पाण्यातलं. मी सांगून आलेय ना, येते म्हणून."

सुधीरराव ताटाकडे बघत होते. मी पुढचा घास तिच्या तोंडापाशी नेला आणि म्हणाले, "बरं. आधी तिथे."

बॅग भरून झाली आहे. लाल बादली, फावडं, टोपी. टोपी आता जरा घट्ट होते. दुधाचं पातेलं मी सगळ्यात वर ठेवलंय.