पैदाशीचा मेंढा, आणि माझी शंका

मंडळी, आज मुरगूडचा एक मेंढपाळ पावणा पैदाशीच्या मेंढ्याची अदलाबदल करायला आलता. एवढा देखणा मेंढा उगंच कोण देतंय?

फुफ्फुसात जंत असले की मेंढरू पळवल्यावर खोकतंय. म्हटलं, "पावणं, जरा पळवा की."

त्यानं बांधापतोर पळवला. मी कान लावला. मेंढा खोकला न्हाय. तरीबी वाटलं, कायतरी पाजूनच आणला असंल!

मग पावणा म्हणाला, "आता तुमचा पळवा की."

"त्यो आत्ताच चरून आलाय," मी पटकन बोललो.

पावणा हसला आणि आपला मेंढा घेऊन गेला.

आमच्या कळपात रोज पहाटं कुणीतरी खोकतंय. कोण, ते बघायला मी उठलोच न्हाय. तुम्ही तुमचा मेंढा कधी पळवून बघितलासा?