जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये

गेल्या वीस वर्षांत नांदूरघाटात किंवा आसपासच्या गावांत ज्यांची लग्नं झाली, त्यांना शहादेव माहीत आहे. चेहरा कदाचित आठवणार नाही, कारण तो कायम स्टेजच्या कडेला, बँडवाल्यांच्या मागे खुर्ची टाकून बसलेला असायचा. पण आवाज आठवेल. कोण आलं, कुठून आलं, हे माईकवरून सांगायचं आणि त्यांचं स्वागत करायचं, हा त्याचा धंदा. त्याच्या तोंडून मांडवात शिरलेल्या माणसाची बढती ठरलेली. किराणा दुकानदार 'सुप्रसिद्ध उद्योजक' व्हायचा, पंचायतीला पडलेला माणूस 'भावी सरपंच' व्हायचा, आणि ज्याच्याबद्दल काहीच सुचत नसे तो 'सर्वांचा लाडका' व्हायचा. मला त्यानं 'ध्वनिसम्राट' करून टाकलं होतं. सम्राटाचं राज्य म्हणजे एक झेरॉक्सचं मशीन, एक कॅमेरा आणि मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून केलेला रेकॉर्डिंग स्टुडिओ.

स्वागतं संपली की त्याचं ठेवणीतलं वाक्य यायचं, "मंडळी, जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये, ही नम्र विनंती." हे तो इतक्या मायेनं म्हणायचा की गाडी सुरू केलेली माणसं गाडी बंद करून पंगतीला यायची. परिणाम होत नव्हता तो फक्त वत्सलाबाईवर, म्हणजे त्याच्या बायकोवर.

"साऱ्या तालुक्याला जेवून जा म्हनतेत," ती माझ्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून सांगायची, "पर घरात कंदी इचारलं न्हाई, बाई तू जेवलीस का म्हनून."

"इचारतो की," शहादेव म्हणायचा.

"कवा?"

शेकडो पाहुण्यांची नावं-गावं तोंडपाठ असणाऱ्या माणसाला स्वतःच्या बाजूचा एक पुरावा देता येत नसे.

मागच्या वर्षी त्याच्या गळ्यात गाठ निघाली. अंबाजोगाईला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता तो बोलतो ते कुजबुजल्यासारखं. पंखा चालू असला तर तेवढंही ऐकू येत नाही. त्याची त्यानं कधी तक्रार केली नाही. पण एकुलत्या एक लेकीचं, दिपालीचं, लग्न ठरलं आणि एके दिवशी तो माझ्यासमोर येऊन बसला.

"मृत्युंजय, लोकाच्या लेकींच्या लग्नात बोललो. माज्या लेकीच्या मांडवात जेवा म्हनून दुसऱ्यानं सांगायचं का?"

मला वाईट वाटलं, पण मी ऐटीत होतो. कारण त्याचा आवाज माझ्याकडे होता. एका दिवशी दोन लग्नं निघाली की हा पठ्ठ्या एका मांडवात स्वतः जायचा, दुसऱ्यात पेनड्राइव्ह पाठवायचा आणि नारळ-टोपी दोन्हीकडची घ्यायचा. ती सगळी वाक्यं माझ्याच खोलीत भरलेली होती. "आत्ता ऐकवतो," म्हणून मी मागचा जुना कॉम्प्युटर चालू केला. आतून टक, टक, टक असा आवाज आला आणि स्क्रीन काळी ती काळीच.

दुसरीकडे कॉपी का ठेवली नाही, असं मला आजवर बऱ्याच शहाण्यांनी विचारलंय. ठेवली असती तर ही गोष्ट सांगत बसलो असतो का? पेनड्राइव्हचं म्हणाल तर ते सगळे डीजेवाल्यांकडे गेले आणि त्यांच्यात गाणी भरली गेली. लग्नांचे व्हिडिओ तर मीच तयार केलेले. त्यातला मांडवातला आवाज काढून वर सिनेमाची गाणी घालायची, ही आमच्या भागातली पद्धत.

माझी आतेबहीण रुचिका अंबाजोगाईत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. हार्ड डिस्क घेऊन मी आणि शहादेव निघालो. वत्सलाबाईनं ती भाकरीच्या फडक्यात बांधून दिली होती. शहादेवनं ती एसटीत मांडीवर धरली आणि कुणाचा धक्का लागला की हा त्याच्याकडे असा बघायचा, की तो माणूस जागा सोडून पुढं सरकायचा.

"दादा, टकटक सुरू झाल्यावर किती वेळा चालू केली?" रुचिकानं विचारलं.

"एकदाच."

शहादेवनं माझ्या मागून दोन्ही हातांचे पंजे दाखवले. रुचिका माझ्यावर चिडली, ते बरोबरच होतं.

तिनं आधी डिस्कवरचं जेवढं वाचता येईल तेवढं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. त्याला काही दिवस लागले. मग आम्हाला बोलावलं.

"जिथं डिस्क खराब झाली, नेमकं तिथंच तुमचं चांगलं रेकॉर्डिंग होतं. ते गेलं. जे तुम्ही पुसून टाकलं होतं, ते मात्र बरंचसं आलंय. पुसलं तरी त्या जागेवर दुसरं काही लिहीपर्यंत ते तिथंच असतं."

म्हणजे वीस वर्षांतला सगळा कचरा परत आला होता. फायलींची नावं गेली होती, नुसते आकडे. पहिली लावली तर शहादेवचं खाकरणं. दुसरीत शेळी ओरडली. तिसरीत तो भावी सरपंचाचं नाव चुकला आणि मला म्हणाला, "पुन्हा घे बे, हसू नको."

मी हसलो. बाजूला बघितलं तर शहादेव हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसला होता आणि त्याचे ओठ त्या आवाजाबरोबर हलत होते. मग माझं हसू जागच्या जागी राहिलं. एवढ्या दिवसांनी तो स्वतःला ऐकत होता.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा हवं ते वाक्य सापडलं. स्वच्छ, पूर्ण. वाक्य संपतं न संपतं तोच दार वाजलं होतं, म्हणून मी ते बाद केलेलं. बांगड्यांचा आवाज आणि वत्सलाबाईचे शब्द, "भाकर आनली." मग शहादेव, "ठेव तितं. वत्सले, तू जेवलीस का?" पुढं मी रेकॉर्डिंग बंद केलं होतं. तिचं उत्तर नव्हतं.

"शेवटचं कापून टाकतो," मी म्हणालो.

शहादेवनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. तिला पुरावा पायजे ना."

दिपालीच्या लग्नात पाहुण्यांची नावं केजच्या परमेश्वरनं वाचली. चांगली वाचली, पण बढत्या द्यायला जमलं नाही. अक्षता पडल्या, कन्यादान झालं, पहिली पंगत बसली, आणि मी बटण दाबलं.

"मंडळी, जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये, ही नम्र विनंती."

बांधून ठेवलेला आहेर मोजणारी माणसंसुद्धा थांबली. दिपालीनं मुंडावळ्या बाजूला सारून डोळे पुसले. मलाही भरून आलं. तेवढ्यात कर्ण्यातून दार वाजलं, बांगड्या वाजल्या आणि साऱ्या गावाला ऐकू गेलं, "वत्सले, तू जेवलीस का?"

लोक पोट धरून हसले. शहादेव खटला जिंकल्यासारखा बायकोकडे बघत होता. ती बुंदीची परात घेऊन पंगतीकडं निघाली होती. तिनं परात खाली ठेवली, कर्ण्याकडं मान वर केली आणि ठणकावून सांगितलं,

"न्हाई! सकाळधरनं पोटात कायबी न्हाई माज्या."

हसू थांबलं. कन्यादानापर्यंत आईबापांनी उपाशी राहायचं असतं हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर तिला कुणी जेवायला बसवलं नव्हतं, हे आता कळलं. शहादेव उठला. पंगतीत जाऊन त्यानं एक ताट स्वतः वाढून आणलं आणि तिच्यापुढं धरून तो काहीतरी म्हणाला. वाजंत्री सुरू झाली होती, मला ऐकू आलं नाही. तिला आलं असावं, कारण ती बसली, थोडी सरकून त्याला शेजारी जागा केली आणि मग जेवायला लागली.