काकूने दुरुस्त केलेली ओळ

काका गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी काकू पहिल्यांदा रडली. तोवर ती कोणाशी बोलली नव्हती आणि पाणीही घेत नव्हती. तिला शहाद्याला नेऊन सलाइन लावायचं घरात ठरत होतं.

आमच्याकडे बायका शोक करताना हेल काढून गातात. शब्द ठरलेले नसतात. एकीने ओळ जुळवायची आणि बाकीच्यांनी तिचा शेवट उचलायचा. शेजारच्या आजीने काकूला जवळ घेऊन गुळाच्या चहावरून सुरुवात केली, "गूळना च्या पिनारा मन्हा भाऊ, आते तुले च्या कोन दी?"

बायकांनी शेवट उचलला. तेवढ्यात त्याच सुरात काकूचा आवाज आला, "गूळना नही वं माय, त्यासले शुगर व्हती!"

कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच रडू लागलं. बायकांनी "शुगर व्हती" हेच उचललं. पुढच्या ओळी काकूच जुळवू लागली: काकांचा चष्मा, त्यांचं उपाशीपोटी शेतात जाणं, दवाखान्यातला शेवटचा दिवस. प्रत्येक ओळीचा शेवट सगळ्यांनी मिळून म्हटला.

आवाज बसल्यावर काकूने पाणी मागितलं. मी तांब्या दिला. तिने तो रिकामा केला.