जस्ताची बादली आणि डाबेराव सर

डाबेराव सर शाळेत आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या घंटेला जीभ लावली. मी टोल द्यायला हातोडी घेऊन उभी होते. हा उंच, काडीसारखा माणूस खांद्याला पिशवी अडकवून व्हरांड्यात आला, घंटेपाशी थांबला, इकडेतिकडे बघितलं आणि सरळ घंटा चाटली. मग तोंड वाकडं करून मला म्हणाला, "पितळ नाही हे. लोखंडाले पिवळा रंग देल्ला हाय."

"मले माहीत हाय," मी म्हटलं. "तो रंग मीच देल्ला. गेल्या पंधरा ऑगस्टले."

तेव्हापासून आमचं जमलं असं काही नाही. मला तो माणूस अर्धवट वाटला आणि त्याला मी भांडखोर वाटले, आणि दोघांचंही बरोबर होतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावच्या ज्युनिअर कॉलेजात मी शिपाई होते. झाडायचं, पाणी भरायचं, घंटा द्यायची. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला संत्र्याचे बगीचे आहेत, त्यामुळे अर्धी पोरं बगीच्यातली आणि अर्धी कपाशीतली. डाबेराव सर पिंपळगाव राजाचे. बारावीला रसायनशास्त्र शिकवायचे. नोकरी कच्ची होती, दरवर्षी जूनमध्ये नवा कागद. अशी आठ वर्षं झाली. संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा तोच विषय शिकून घरी बसला होता, आणि अध्यक्ष दरवेळी सरांना म्हणत, "यंदा शंभर टक्के निकाल देऊन दाखवा, पक्कं करून टाकतो." आठव्या वर्षी ते प्राचार्यांच्या समोर म्हणाले, म्हणून सरांना ते खरं वाटलं.

शिकवायचे मात्र जीव तोडून. प्रयोगशाळेत खिचडीच्या तांदळाची पोती रचलेली असत, म्हणून सगळे प्रयोग फळ्यावर. डाव्या हाताला जस्ताची पट्टी, उजव्या हाताला तांब्याची, मधे बाण. जस्ताखाली लिहायचे वजा शून्य पूर्णांक शहात्तर, तांब्याखाली अधिक शून्य पूर्णांक चौतीस. मी वर्गाबाहेर झाडू मारता मारता हे आकडे इतक्यांदा ऐकले की मला पाठ झाले. "कोणी सोडल्याशिवाय कोणाले भेटत नाही," ते ओरडून सांगायचे. "जस्तानं सोडलं तं तांब्याले भेटलं. घेनारा एकटा आन् देनारा कोनीच नाही, असं दुनियेत होत नाही बे!"

मागे बसलेला एखादा पोट्टा हळूच म्हणायचा, "सर, आमच्या घरी होते." सगळा वर्ग हसायचा. सरही हसायचे.

हाताशी काही नसलं की ते जीभ वापरत. टॉर्चचे जुने सेल फोडून त्याचं जस्ताचं टरफल काढायचे, एक तांब्याची तार घ्यायची, दोन्ही जिभेवर टेकवून दुसरी टोकं एकत्र चिकटवायची. जिभेला झिणझिण्या येतात. पोरं रांगेत उभी राहून चाटायची. दोन बाया तक्रार घेऊन आल्या की सर पोरायले काय चाटायले लावून राह्यले. प्राचार्यांनी बोलावलं तर सरांनी त्यांच्याही पुढे तार धरली. गावातले टॉर्च मात्र त्या वर्षी बंद पडले, कारण पोरं घरातले चालू सेलसुद्धा आणून देत.

त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. मी एकदा जाळं काढायला दार उघडलं आणि वाचलं. धातूंची यादी होती, पण धातूच्या जागी माणसं. सर्वांत खाली सोनं, त्यापुढे प्राचार्य. त्याच्या वर चांदी, म्हणजे अध्यक्ष. लोखंडापुढे आमचा क्लार्क, आणि कंसात बारीक अक्षरात 'ओल लागली की गंजतो'. अगदी वर, जे हात लावताच सगळं देऊन टाकतं असं काहीतरी, त्यापुढे सरांच्या बायकोचं नाव. आणि बरोबर मधे, शून्य. शून्यापुढे सुभद्राबाई, म्हणजे मी.

मी चार दिवस त्यांना चहा नेला नाही. पाचव्या दिवशी ते स्वतः माझ्या स्टुलापाशी आले.

"काऊन रागावल्या?"

"शून्याच्या हातचा चहा कसा पेता सर?"

त्यांच्या लक्षात आलं. तिथेच उकिडवे बसून समजावायला लागले. शून्य म्हणजे काही नाही असं नव्हे, त्या जागी हायड्रोजन असतो, बाकी सगळ्यांचं मोजमाप त्याच्यापासून करतात, कोण किती देतो, कोण किती ओरबाडतो. "तुम्ही कोणाचं घेत नाही, कोणाले देत नाही," ते म्हणाले.

"चहा देतेच की."

"तो पगारात येते."

मी विचारलं, त्या यादीत तुमचं नाव का नाही. तर म्हणाले, "एकट्या धातूचं मोजताच येत नाही सुभद्राबाई. दुसरा कोणीतरी समोर लागते." मी म्हटलं, बायको समोर उभी करा आणि मोजा. त्यावर ते उठले आणि वर्गाकडे चालायला लागले.

आता प्रात्यक्षिक परीक्षेचं सांगते. दरवर्षी बोर्डातर्फे बाहेरचा परीक्षक यायचा. त्याच्यासाठी रोडगे आणि वांग्याची भाजी व्हायची. तो जेवायचा, मग त्याला पेंग यायची. तेवढ्यात पोरं गाइडमधून आकडे उतरवायची. प्रत्येकाला एक मीठ ओळखायचं असे, आणि त्या मिठांची यादी माझ्याकडे असे. पाण्याचा ग्लास देता देता मी सांगायची, "तुझं तिसरं, अमोनियम क्लोराइड." चौथी शिकलेली बाई बारावीच्या पोरांना उत्तरं सांगत होती. सगळ्यांना तीसपैकी अठ्ठावीस. यादी मला कोण द्यायचं? डाबेराव सरच. ते काही देवमाणूस नव्हते.

आठव्या वर्षी गडबड एका पोरीने केली. सर नेहमीसारखे फळ्यावर घट, म्हणजे जस्त-तांब्याची ती बॅटरी, काढत होते, तेव्हा ती मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, हे तुम्ही सोता कधी केलं का?" चिडवायला नाही, सहज. सरांचा खडू तसाच राहिला. दुपारी मला म्हणाले, "कॉलेजात एकदा केलं होतं. चौघात मिळून. तवाही मी वहीच लिहीत होतो." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांकडे प्रयोगशाळेची चावी मागितली. यंदा पोरं खरा घट करून दाखवतील म्हणाले. प्राचार्यांनी खूप समजावलं. निकाल खाली आला तर भाचा तयारच आहे, हेही सांगितलं. सरांनी चावी घेतली.

तांदळाची पोती मी आणि पोरांनी बाहेर काढली. उंदरांची दोन घरं मोडली. दोन भांड्यांच्या मधे पूल लागतो, त्याला बाजारची नळी नव्हती, तर मी मिठाच्या पाण्यात भिजवून कापसाच्या जाड वाती करून दिल्या. कपाशीच्या गावात कापसाला काय तोटा. जस्ताचे तुकडे टॉर्चच्या सेलांतून निघाले. परीक्षेच्या आदल्या दिवशी पाचला मी घरी गेले. त्यानंतर सरांनी चाळीस पोरांना पुरेल एवढं मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, एकदम भिजवलं. भांडं मोठं हवं होतं, म्हणून माझी पाण्याची बादली घेतली. माझी बादली जस्ताची.

सकाळी मी दार उघडलं तर फरशी ओली. बादलीच्या बुडातून थेंब थेंब गळत होतं. निळा रंग उडून गेला होता आणि आत तळाशी लालसर चिखल. सर तिच्यापुढे उकिडवे बसले होते.

"सुभद्राबाई, बादली गळून राह्यली."

"गळन नाही तं काय करन? मोरचूद जस्ताच्या बादलीत टाकते का कोणी? आमच्या बगीच्यातले पोट्टेही टाकत नाहीत."

त्यांनी मान वर केली. "तुमाले कसं माहीत?"

मला राग आला होता, बादली माझी होती. पण सांगितलं. संत्र्याला मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारतात. ते प्लास्टिकच्या ड्रममध्येच कालवायचं, आधी लोक मडक्यात कालवत. आणि झालं की नाही हे बघायला विळा बुडवायचा. पात्यावर तांबडं चढलं तर चुना कमी पडला, आणखी टाकायचा. विळा स्वच्छ निघाला की फवारायचं, नाहीतर झाडाची पानं जळतात.

माणूस ताडकन उभा राहिला. परीक्षेला तीन तास, मोरचूद सगळं गेलेलं, आणि हा आनंदाने ओरडतो, "म्हंजे विळ्याचं लोखंड गेलं आन् तांबं वर बसलं! अवो, हे तं मी आठ वर्सांपासून शिकवून राह्यलो!"

"शिकवून राह्यले, मंग बादलीत काऊन टाकलं?"

त्यांनी थोडा विचार केला. "फळ्यावर बादली नव्हती ना."

मी धाकट्या दिराच्या बगीच्यातून मोरचुदाची पिशवी घेऊन आले आणि प्लास्टिकच्या टबात भिजवायला लावलं. तोवर प्राचार्य आले. बादली बघून त्यांनी कपाळाला हात लावला. परीक्षक मॅडम दारात पोचल्याच होत्या, लपवायला वेळ नव्हता. प्राचार्य दबक्या आवाजात म्हणाले, "इचारलं तं सांगायचं, शिपाईण बाईनं चुकून टाकलं. चौथी शिकलेली बाई, कोणी मनावर घेत नाही. डाबेराव, तुमचं यंदा पक्कं व्हायचं हाय. तोंड बंद ठेवा."

"सांगा," मी म्हटलं. "मी परमनंट हाय. मले कोण काढते?"

सरांनी जमिनीकडे बघितलं. काही बोलले नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर लोकांनी त्यांना उगाच फार मोठं केलं.

मॅडमनी रोडगे नाकारले, स्वतःचा डबा खाल्ला, तेव्हाच मी समजले, यंदा पेंग येणार नाही. पोरांनी घट लावले. काहींच्या मीटरचा काटा हलला, काहींचा उलट्या बाजूला गेला, एकाने वात मधे टाकलीच नव्हती. काटा हलला की पोरं अशी ओरडत जशी लॉटरी लागली. मग मॅडमची नजर बादलीवर गेली.

"हे कोणाचं काम?"

प्राचार्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, "मीच टाकलं जी. मले काय समजते त्यातलं."

"तुमच्या गावात एवढे बगीचे, आणि तुम्हाला हे माहीत नाही?"

"नाही जी."

बगीच्यातली पोरं माझ्याकडे बघायला लागली. त्यांच्या आयांबरोबर मी फवारणीला गेलेली. एक पोरगी फिसकन हसली. मला त्यात काही वाटलं नाही, पोरं हसायचीच. पण सरांनी हातातली वही टेबलावर ठेवली.

"मॅडम, ती बादली मी भरली. या बाईले माहीत होतं. मले नव्हतं." मग थांबून म्हणाले, "म्हंजे होतं. पण फळ्यावर."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग एकेका पोराला बादलीपुढे उभं केलं आणि एकच प्रश्न विचारला, "हिचं काय झालं ते सांग." अडतीस पोरांनी सांगितलं, कोणी पुस्तकातल्या भाषेत, कोणी विळ्याच्या. दोघांनी तोंडच उघडलं नाही. मॅडमनी खरे मार्क दिले. कोणाला वीस, कोणाला बावीस. ते दोघे पुढे लेखी परीक्षेतही नापास झाले. शंभर टक्के गेले. जूनमध्ये सरांच्या नावाचा कागद निघाला नाही, भाच्याच्या नावाचा निघाला.

एसटीच्या थांब्यावर मी त्यांना गाठलं आणि चारचौघांत सुनावलं. "मी सगळ्या पोरांपुढं अडाणी झाली, ते तुम्ही फुकट घालवलं. माझं काही जात होतं का? पक्की नोकरी होती माझी!"

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

"मंग काऊन बोलले?"

"तुम्ही 'मले काय समजते' म्हणल्या ना. ते ऐकवलं नाही." गाडी आली तशी पिशवी उचलली, एका पायावर चढले आणि दारातच अडकून उभे राहिले. आत जागा नव्हती. आता त्यांच्या गावी शिकवण्या घेतात म्हणे.

भाचा माणूस म्हणून चांगला आहे. पोरांना अठ्ठावीस देतो, मला मावशी म्हणायचा. काही फुटलं, सांडलं, हरवलं की आधी माझ्याकडे यायचा, "मावशी, कोणी इचारलं तं तुम्ही केलं म्हणून सांगा." मी निवृत्त होईपर्यंत तीन वेळा तसं सांगितलं. तिन्ही वेळा कोणी हातातली वही टेबलावर ठेवून मला खोटं पाडलं नाही.