पिठावरची रेघ

माझं काम सांगितलं की लोक जरा मागे सरकतात. ज्या घरातला माणूस मोठ्या दवाखान्यात पोचायच्या आतच गेला, त्या घरी जाऊन मी विचारते, तो कसा गेला. ताप होता का. श्वास कसा चालत होता. शेवटी बोलत होता का. घरचे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून पाठवायचं. पुढं दोन डॉक्टर, दोन वेगळ्या शहरांत बसलेले, एकमेकांना न विचारता ते वाचतात आणि मरणाचं कारण ठरवतात. अशी देशभरातली मरणं एका जागी आली की कळतं, खेड्यातला माणूस खरोखर कशानं मरतो. औषध कुठं ठेवायचं, डॉक्टरांना काय शिकवायचं, ते त्यावरून ठरतं. आमची संस्था सरकारची नाही आणि औषध कंपनीचीही नाही. म्हणून तर तिच्या शब्दाला वजन आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई-बाप दोघंही अंगठेवाले. बाबा पारावर सांगतात, "आमची पोरगी दिल्लीला हिशेब देते." कुणी विचारलं कशाचा, तर म्हणतात, "मेलेल्यायचा. जित्यायचा हिशेब कोन इचारते?" लोक हसतात, पण बाबांच्या बोलण्यातला ताठा मला आवडतो. मलाही तो आहे, लपवत नाही.

या कामात एक नियम सगळ्यांत वरचा. कारण तुम्ही सांगायचं नाही. तुम्हाला समजलं तरी नाही. एका घरी तुम्ही बोललात की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ते कळतं, आणि मग पुढच्या घरचा माणूस त्याला जे दिसलं ते सांगत नाही, तुम्ही बोललेलं सांगतो. आमच्या कामावर देखरेख करणारे सर हे पुन्हापुन्हा बजावायचे. मला ते पटलेलं होतं. आजही पटतं.

आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली नव्हती, ती मीच शिकले. मेलेल्या माणसाविषयी तासभर बारीकसारीक विचारत राहिलं, की तो येऊन बसतो. भूतबित म्हणत नाही मी. पण त्याचे डोळे कसे होते, ओठ कोरडे होते का, पाय कुठं दुखत होते, असं विचारता विचारता समोरच्या रिकाम्या जागेला वजन येतं. घरचे मग त्या जागेकडं बघूनच उत्तरं देतात. पहिल्या-पहिल्यांदा मी मागे वळून बघायची.

ते घर सेनगाव तालुक्यातलं, साखऱ्याच्या पलीकडचं. गावाचं नाव लिहीत नाही. सोयाबीन काढणीला आलं होतं, सगळं गाव रानात, आणि भर दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. घरचा कर्ता माणूस पावसाळ्यात गेला होता. धडधाकट, चाळिशीच्या आतला. मागे म्हातारी आई आणि बायको. लेकरूबाळ नाही.

म्हातारी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. मी कशाला आले ते सांगितलं तर मान वर न करता म्हणाली, "जिता होता तवा कोनी आलं न्हाई. आता मेल्यावर इचारून राहिले."

"बरोबर आहे मावशी," मी म्हणाले. "म्हणूनच विचारतो, पुढच्यासाठी."

"लगन झालं का तुझं?"

"नाही."

"कसं व्हईल माय. मेलेल्यायची घरं हुडकत फिरून राहिली." मग तिनं आवाज उतरवला. "आत जा. तिलाच इचार. पर त्या कोपऱ्यात बसू नको."

"काहून?"

"त्यो तिथं येतो."

आतल्या खोलीत उजेड कमी होता. एका बाजूला ज्वारीची कणगी, तिच्या बुडाशी उंदरांनी उकरलेली माती. कोपऱ्यात जमिनीवर एक वाकळ नीट अंथरलेली. उशाशी वाटी. बायको भिंतीला टेकून बसली होती. माझ्याएवढीच असेल वयानं, कदाचित लहान. मी तिला वहिनी म्हणाले, ती मला ताई म्हणाली.

प्रश्न सुरू झाले. ती शांतपणे, न अडखळता सांगत गेली. लाईट नव्हती, उकडत होतं, म्हणून दोघं त्या रात्री खालीच निजलेले, याच कोपऱ्यात. पहाटे तो उठला तो पोट धरून. ताप नाही, उलटी एकदा. अंगावर खरचटल्याची सुद्धा खूण नाही.

"मग डोळे जड झाले," ती म्हणाली. "मी म्हनलं झोप न्हाई झाली. पर पापन्या वरच जाईनात. बोटानं उघडून बघितलं तर आतून मला बघून राहिले होते."

"बोलत होते?"

"जीभ जड झाली. थुंकी गिळता येईना. ऐकू मात्र सगळं येत होतं त्यायला. मी रडले तर डोळ्यातून पानी आलं."

आधी अंगारा लावला, मग गावात फिरत येणाऱ्या एका डॉक्टरकडून पित्ताचं इंजेक्शन. हिंगोलीला नेताना जीपमध्ये श्वास थांबला. गावानं ठरवलं, बाहेरचं वारं लागलं.

मी लिहिलेलं पुन्हा एकदा वरपासून वाचलं. अंगावर खूण नाही, सूज नाही, पोट दुखतं, पापण्या पडतात, जीभ पडते, शुद्ध मात्र असते. जमिनीवर निजलेला माणूस, पावसाळा, पहाट. शेतकऱ्याच्या पोरीला हे सांगायला डॉक्टर लागत नाही. मण्यार. ती चावते तेव्हा मुंगीएवढंही कळत नाही.

लिहून झाल्यावर मी सहज विचारलं, "वहिनी, अजून खालीच निजता?"

"व्हय. जागा मोकळी ठिऊ नये ना." आणि मग, शेजारणीला सांगावं तसं, "रातचं येतात ते. पायाजवळून जातात. गार लागते. मी हालत न्हाई."

मी पेन खाली ठेवलं.

तिनं सांगितलं ते असं. आमच्याकडं माणूस गेला की त्या जागी दिवा ठेवतात. तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी दिव्याजवळ पीठ चाळून पसरायचं, वर टोपलं झाकायचं आणि कुणी तिकडं फिरकायचं नाही. सकाळी टोपलं उचलून बघायचं, पिठावर कशाची खूण उमटली. पाखराचा पाय दिसला तर माणूस पाखराच्या जन्माला गेला, गाईचं खूर दिसलं तर गाईच्या. माझ्या आजोबांच्या वेळी आम्ही सगळी पोरं श्वास धरून ते टोपलं उचलायची वाट बघत होतो, मला आठवतं. इथं टोपलं उचललं तर पिठावर वाकडीतिकडी एक रेघ होती, टोपल्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. सगळ्यांनी हात जोडले. म्हातारीनं त्या दिवसापासून दुधाची वाटी ठेवायला सुरुवात केली. कणगी हलवायची नाही, बीळ बुजवायचं नाही, काठी आत आणायची नाही, असं घरात ठरलं.

एवढ्यात कणगीमागं काहीतरी सरकलं. उंदीर असेल. वाळकं पान ओढल्यासारखा आवाज, आणि मग काही नाही. ती हसली. "दिवसा कधी येत न्हाईत," म्हणाली. "तुमी आल्या म्हनून."

मी बाहेर आले आणि गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन सरांना फोन लावला. फक्त तिथंच रेंज येत होती. सगळं सांगितलं.

सरांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या गावात अजून घरं बाकी आहेत?"

"आहेत."

"तुम्ही साप म्हणालात की त्या प्रत्येक घरी साप निघेल. हार्ट अटॅकनं गेलेल्यालाही साप चावेल. सगळा अभ्यासच वाकडा होईल. आशाताईंना सांगा, त्या जाऊन बघतील."

"कधी, सर? ती आज रात्री तिथंच झोपणार."

"मी तुम्हाला परवानगी देऊ शकत नाही," ते म्हणाले. मग पुढं, "तुम्ही काय कराल, ते मी विचारलेलं नाही."

आशाताई, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, दोन गावं सांभाळायच्या, त्या दिवशी त्यांचा फोनच लागेना. मी परत त्या घरी गेले. म्हातारीनं विचारलं, "काही इसरली का माय?" मी सरळ आत गेले आणि उभ्या-उभ्याच बोलले.

"वहिनी, ती मण्यार आहे. त्यांना तीच चावली. तीच तुमच्या पायाजवळून जाते."

मला वाटलं ती घाबरेल, ओरडेल. तिनं उलट मलाच समजावलं.

"मन्यार हाय ते मला ठावं हाय ताई. मी बघितली ना, काळी, पांढरे पट्टे. पर यांचाच जलम हाय त्यो. पिठावर उमटलं की."

"ती चावेल तुम्हाला."

"एवढ्या दिवसात चावली का? मानूस आपल्या मानसाला चावतो का?"

साप आहे हे मी सिद्ध करायला निघाले होते, आणि तिला ते आधीच कबूल होतं. मी खाली बसले, कोपऱ्यापासून जितकी लांब बसता येईल तितकी. मग मी असा प्रश्न विचारला, जो आमच्या कागदात नाही.

"पहाटे, बोलता येईना तेव्हा, त्यांनी तुम्हाला काही खुणावलं का?"

तिचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. पदर तोंडाशी नेला.

"लोटत होते मला. हातात जीव न्हवता, तरी लोटत होते. मी वाकळीवर जवळ बसले की लोटायचे. मला अजून समजलं न्हाई, काहून लोटलं. माझं काय चुकलं व्हतं?" मग खाली बघून, "म्हनून मी इथंच निजते. आता लोटत न्हाईत."

"वहिनी, ते तुम्हाला लांब लोटत नव्हते," मी म्हणाले. "त्या वाकळीवरून उठवत होते."

ओसरीवर शेंगा सोलायचा आवाज थांबला होता.

तो खरंच त्यासाठी लोटत होता का, मला माहीत नाही. श्वास कोंडलेला माणूस कुणालाही लोटतो. मेलेल्याच्या हातात मी माझं म्हणणं ठेवलं. ज्या कामात आम्ही एक शब्द पदरचा घालत नाही, त्या कामाच्या माणसानं. मला त्याचं वाईट वाटत नाही.

ती उठली. अंगणातली बाज तिनं एकटीनंच आत ओढली, मी हात लावला तर नको म्हणाली. बाज भिंतीपासून सुटी ठेवली. तिनंच आत आणलेल्या काठीनं वाकळीचं टोक उचलून आम्ही ती बाहेर उन्हात टाकली. मग ती कणगीकडं तोंड करून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी आता वर निजत जाईन. तुमी जिवाला लावून घेऊ नका." आणि थांबली. मीही थांबले. पदवीधर बाई मी, पण उत्तर येतंय का ते ऐकत मी तिथं उभी होते.

सरांना मी त्याच संध्याकाळी सगळं कळवलं. त्या घरची नोंद राहिली, कारण बोलणं नोंदीनंतरचं होतं. गावातली उरलेली घरं मात्र दुसऱ्या पोरीला दिली, तीही बऱ्याच दिवसांनी. सरांनी योग्यच केलं. आता आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात भिंतीवर एक फलक आहे: अंगावर खूण नसली, तरी पोटात दुखून पापण्या जड होत असतील तर साप चावला असं समजा, वेळ घालवू नका. असल्या कितीतरी घरांतून गोळा झालेलं ते ज्ञान. कुठून आलं, ते फलकावर लिहिलेलं नाही, आणि लिहायचं कारणही नाही.

संक्रांतीच्या सुमारास मी माझी म्हणून त्या घरी गेले, कामासाठी नाही. थंडी कडक होती. म्हातारीनं चहा दिला आणि म्हणाली, "आता येत न्हाई त्यो. दुदाची वाटी तशीच ऱ्हाते."

आत बाज होती, वर मच्छरदाणी, चारी बाजूंनी गादीखाली नीट खोचलेली. वहिनीची तब्येत जरा सुधारलेली दिसली.

"ताई, तुमी बराबर केलं," ती म्हणाली. "कोनी काही म्हनलं तरी बराबर केलं. पर घर लई मोकळं झालं."

मी चहा पीत राहिले.

मला सोडायला ती फाटकापर्यंत आली. तिथं तिनं विचारलं, माझ्याकडं न बघता, "थंडीचे सापं बिळात ऱ्हातात म्हनते. पाऊस आला की परत येतील का?"

खोटं बोलता आलं असतं. पण तिला मी आतापर्यंत जे सांगितलं, त्यातलं अर्धं माझ्या पदरचं होतं. आणखी नको वाटलं.

"येणार," मी म्हणाले. "बाजेवरून खाली उतरू नका."

तिनं मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. जीपमध्ये बसले तरी मी तोच विचार करत होते. पाऊस यायला अजून वेळ होता.