व्याह्यांचा खांब आणि जिन्याचं बटण

आमचे मामा चौतीस वर्षं वायरमन होते. गावातल्या निम्म्या घरांतला दिवा त्यांच्या हातचा, आणि उरलेल्या निम्म्यांतला लागला नाही की बोलावणं त्यांनाच. लोक त्यांना पाठीमागे फ्यूजमामा म्हणतात. हे नाव कामावरून पडलं की स्वभावावरून, यावर दोन मतं आहेत. मामी दुसऱ्या मताच्या.

काम सोडल्यावर त्यांनी एका बेकरीची जुनी व्हॅन घेतली आणि आठ महिने खपून तिचा कॅम्पर केला. आत दुमडता पलंग, एक शेगडी, ताटल्या घसरू नयेत म्हणून कठडा लावलेलं फडताळ, आणि भिंतींना अकरा प्लग. दोन माणसांना अकरा प्लग कशाला, असं मामींनी विचारलं, तेव्हा बारावा बसत नव्हता, असं उत्तर मिळालं.

गाडी ते चांगली चालवतात, म्हणजे पुढे. मागे घ्यायची वेळ आली की चौतीस वर्षांचा आत्मविश्वास बोनेटमधून वाफ होऊन जातो. दिवसाउजेडी आरशात बघून कसंबसं जमतं. अंधार पडला की मामींनी टॉर्च घेऊन मागे उभं राहायचं, अशी पद्धत होती. टॉर्चचा झोत नेमका आरशावर यायचा, मामांचे डोळे दिपायचे, आणि मामी मागे सरकत सरकत कुणाच्या तरी कुंडीत पाय घालायच्या. मग दोघंही एकमेकांना विचारायचे, की डोळे आहेत का.

हे सगळं घरच्या घरात होतं तोवर ठीक होतं. पण गेल्या वर्षी लेकीकडे गेले. लेकीचं सासर वर्दळीच्या रस्त्यावर, गाडी फाटकातून उलटीच आत घ्यावी लागते. फाटकाला दोन दगडी खांब. पोचायला रात्रीचे आठ झाले होते. मामांनी डावा खांब असा काही टिपला, की त्याच्या डोक्यावरचा दगडी गोळा घरंगळत व्याह्यांच्या फुलझाडांत गेला. व्याही निवृत्त मुख्याध्यापक, आवाज न चढवता शाळा चालवलेला माणूस. त्यांनी गोळ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं आणि म्हणाले, "असू द्या. तसा तो मध्येच येत होता."

चार शिव्या घातल्या असत्या तर मामा विसरले असते. हे वाक्य त्यांना वर्षभर पुरलं. मामींना तर जास्तच, कारण टॉर्च त्यांच्या हातात होती, आणि विहीणबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवून त्यांनाच धीर दिला होता.

यंदा पुन्हा लेकीकडे जायचं ठरलं, तेव्हा मामींनी निकाल दिला. मी टॉर्च घेऊन मागे उभी राहणार नाही. तुमची तुम्ही सोय करा. त्या खांबाला यंदा गाडीचा नुसता रंग जरी लागला, तरी यापुढे मी बसने येईन आणि तुम्ही तुमच्या अकरा प्लगांबरोबर फिरा. मामी एकदा बोलल्या की त्यात दुरुस्ती होत नाही, हे मामांना पक्कं ठाऊक. त्यांनी आठ महिने जी गाडी सजवली ती दोघांसाठी. एकट्याने त्यात बसून ते करणार काय?

म्हणून त्यांनी बाहेरून दिवे लावायचं मनावर घेतलं. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला बिचारा सांगत होता, की मामा, रिव्हर्स गिअरला जोडून टाका, गिअर पडला की आपोआप लागतील, अर्ध्या तासाचं काम. मामा त्याच्यावर उखडले. आपोआप लागणाऱ्या दिव्याला त्यांच्या भाषेत शॉर्टसर्किट म्हणतात. दिवा माणसाने लावायचा असतो, असं सुनावून ते घरी आले.

काम मात्र देखणं केलं. मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर एकेक दिवा, मधोमध टपाजवळ एक, आणि दोन्ही बाजूंना मागच्या चाकांच्या वर एकेक, म्हणजे चाक कुठे चाललंय ते दिसावं. भोकांना रबरी कड, वायरी पाइपातून, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून सांध्यांवर लाखेसारखं काहीतरी. आणि बटण? चौतीस वर्षांच्या सवयीने हात जिथे गेला तिथे बसलं: मागच्या दाराच्या आत, उजव्या हाताला, जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर. दिव्याचं बटण दाराशीच असतं. दुसरीकडे कुठे असू शकतं, हा प्रश्नच त्यांना पडला नाही.

बरं, बटणही साधं नाही. विसरून दिवे चालू राहिले तर बॅटरी उतरणार, म्हणून त्यांनी घरात पडून असलेलं जिन्याचं गोल बटण लावलं. दाबलं की दिवा लागतो, बटण हळूहळू बाहेर येतं आणि मिनिटाभराने दिवा विझतो. इमारतींच्या जिन्यात लोक दिवे घालवत नाहीत म्हणून त्यांनी अशी शेकड्यांनी बसवली होती.

चाचणीला निम्मी गल्ली जमली. मामांनी मागच्या दाराशी उभं राहून बटण दाबलं आणि भिंती, कचऱ्याचे डबे, समोरच्या शिंप्याचं टक्कल, सगळं लख्ख उजळलं. लोकांनी वाहवा केली. मामी म्हणाल्या, चला, येते मी गाडीने. गाडी काही कुणी मागे घेऊन पाहिली नाही.

लेकीच्या फाटकाशी पोचले तेव्हा पुन्हा रात्रीचे आठ. व्याही स्वागताला बाहेर आले होते. खांब नवा होता, पांढराशुभ्र, आणि व्याही त्याच्या शेजारीच उभे राहिले. मामांनी ऐटीत रिव्हर्स गिअर टाकला, डावा हात दिव्याच्या बटणाकडे नेला आणि तो हात हवेतच राहिला.

बटण मागे होतं. मधल्या फडताळामुळे आतून मागे जायची सोय नव्हती. मामा उतरले, मागे गेले, दार उघडलं, बटण दाबलं, दार लावलं, पुढे आले, चढले, बसले, गिअर टाकला. दिवे गेले.

दुसऱ्या वेळी ते पळाले. गुडघ्यांमुळे त्याला पळणं म्हणायचं की नाही, हा वादाचा मुद्दा आहे. या खेपेला वीतभर गाडी मागे आली आणि अंधार झाला. तिसऱ्या वेळी घाईत मागचं दार उघडंच राहिलं, म्हणून परत जावं लागलं. व्याह्यांनी इतकी वर्षं नापास मुलं पाहिली होती, त्यामुळे ते शांत होते. फक्त एकदा म्हणाले, "सावकाश. आम्हाला घाई नाही."

मामा घामाघूम होऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग मामींकडे न बघता म्हणाले, "तू उतर. मी गाडी रस्त्याच्या कडेला लावतो कुठेतरी. परत येताना बसनेच ये."

मामी उतरल्या. पण फाटकाकडे न जाता मागे गेल्या, दार उघडून आत चढल्या, पलंगावर मांडी घालून बसल्या आणि बटणावर अंगठा ठेवला. पाचही दिवे लागले. दाराच्या काचेतून दोन्ही खांब, व्याही, फुलझाडं, सगळं त्यांना ताटात वाढल्यासारखं दिसत होतं. डोळ्यांवर झोत नाही, पायाखाली कुंडी नाही.

"अहो, घ्या मागे," आतून आवाज आला. "डावीकडे हातभर जागा आहे. मी सांगेन तेव्हाच थांबा, मनाने थांबू नका."

दर मिनिटाला दिवे विझायला लागले की मामी पुन्हा दाबत होत्या. चार वेळा दाबावं लागलं. गाडी फाटकातून आत आली आणि दोन्ही खांब जिथल्या तिथे, पांढरेच्या पांढरे. व्याह्यांनी डाव्या खांबावरून एकदा हात फिरवला आणि चहा टाकायला सांगितलं.

सकाळी मामा पाना, पेचकस आणि वायरीचं वेटोळं घेऊन बाहेर आले. व्याहीही मदतीला. बटण काढून स्टिअरिंगजवळ आणायचं, फार तर दोन तासांचं काम. मामी दात घासत दारात आल्या, पाहिलं आणि तोंडातला फेस थुंकून म्हणाल्या, "त्या बटणाला हात लावायचा नाही."

मामा समजावू लागले, की पुढे आणलं की तुला त्रास नको, मी एकटाच घेईन मागे.

"म्हणूनच," मामी म्हणाल्या, आणि चूळ भरायला आत गेल्या.

व्याह्यांनी पेचकस मामांच्या हातून हळूच काढून घेतला आणि पेटीत ठेवला.