कडेचा उजेड

काहीही पेटलेले दिसले की बाई दोन्ही हात पाठीमागे बांधून त्यापुढे उभ्या राहत आणि विचारत, "पेटलंय ते दिसतंय. पेटवलं कोणी?"

चूल असो, शेकोटी असो, भांडण असो, प्रश्न हाच. शेजारच्या हिराबाईंची जावेशी बांधावर जुंपली, तेव्हाही बाईंनी गॅलरीतून हेच विचारले. हिराबाई उसळल्या, "तुमी वरच ऱ्हावा बाई! खाली आलात तर तुमालाबी चटका बसंल." जाऊ हसली आणि भांडण तेथेच विझले.

कासार आंबोलीतील माझ्या घराची वरची खोली बाईंनी भाड्याने घेतली, ते दोन हजार दोन साल असावे. त्या खगोलशास्त्राच्या संशोधक. काही दिवस पुण्याला संस्थेत जात, एरवी संगणकापुढे बसत. दुर्बीण नव्हती. मी तसे बोलून दाखवले.

"प्रकाश संगणकात आलाय, काका. आता त्याची चौकशी चाललीय."

चौकशी एका दीर्घिकेची होती. तेथे तारे भराभर जन्मत होते आणि भोवतालचा वायू उजळला होता. दीर्घिका जवळची, असे त्या म्हणत. जवळची म्हणजे किती?

"प्रकाशाला यायला कोटभर वर्षं. जवळच की!"

याच बाई पौडची एसटी जरा उशिरा आली तर दिवसभर धुसफुसत. अशी माणसे आपणही पाहिली असतील.

एका उन्हाळ्यात हिराबाईंनी राब भाजला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पाला आणि शेण पसरून जाळले. बाईंनी मला गॅलरीत बोलावले. "मधल्या आगीची धग कडेपर्यंत पोचते ना? तशी तप्त तरुण ताऱ्यांची किरणं सगळ्या वायूला पोचतात. अणूंतले इलेक्ट्रॉन उडवून लावतात. म्हणून तो उजळतो."

हेच सिद्ध करण्यात त्यांची वर्षे गेली होती. लेख पूर्ण होत आला होता. त्यावर नोकरीची मुदत वाढणार होती.

तेवढ्यात कडेच्या वायूची नवी निरीक्षणे आली. तेथे हायड्रोजनच्या मानाने गंधकाचा प्रकाश फार वाढलेला होता. बाई खोलीबाहेर येईनात. मी वर गेलो.

"कडेला किरणं नाहीत, काका. धक्के आहेत; गंधकाचा एवढा प्रकाश ही त्यांचीच खूण. तारे फुटतात, त्यांचा झोत वायूवर आदळतो, त्यानं तो पेटतो."

"म्हणजे तुमचे म्हणणे चुकले?"

"मध्ये बरोबर. कडेला चूक."

"मग कडेचे वगळून छापा."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. "तुम्ही नोकरीत धरणांचे नकाशे काढलेत. खडकात भेग दिसली म्हणून तेवढी जागा कोरी सोडली होती?"

मागोमाग हिराबाई भाकरी घेऊन आल्या. "कुणी का पेटवंना. आधी खावा." बाई हसल्या, आणि जेवल्या.

लेख पुन्हा पहिल्यापासून लिहावा लागला. संस्थेने तेवढा अवधी दिला नाही. दूरच्या गावी, एका महाविद्यालयात शिकवण्याची नोकरी धरून त्या गेल्या. पुढे छापील लेख टपालाने आला. त्यातले एक चित्र मला समजते: मध्ये एक रंग, कडेला दुसरा.

खोली मी पुन्हा भाड्याने दिली नाही. एका संध्याकाळी वर जाऊन दिवा लावला. शेतातून हिराबाईंची हाक आली.

"आण्णा, वर उजेड दिसतुया! बाई आल्या व्हय?"

"नाही."

"मंग लावला कुणी?"

"मी," म्हणालो, आणि दार लोटून घेतले.